‘हाफपीच वर्ल्डकप’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं?

शहापूरकर: आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्ल्डकपची नक्कल केलेला व्हिडिओ लई चाललाय, स्टंपच्या जागी प्लास्टिकची खुर्ची, आणि थर्ड अंपायर म्हणजे माडीवरची आज्जी, ती चष्मा चढवून मोबाईल बघत्या आणि "औट अल्ला री" (कन्नडमध्ये ‘औट न्हाई’) म्हणून निकाल देत्या. मावसभाऊ बार्सिलोनात हाय, तिकडच्या दोस्तांना दाखवायचं म्हणून स्पॅनिश नाव मागायलाय. मी ‘मुंदियाल दे मेदिया कांचा’ केलंय, चालंल काय?

खानापूरकर: मुंदियाल एकदम बरोबर, वर्ल्डकपला तिकडं सगळीकडं तेच म्हणतात. घोटाळा मेदिया कांचात हाय. शब्दाला शब्द लावला तर ‘अर्धं मैदान’, पण ऐकणाऱ्याला फुटबॉलच्या मैदानाचा मधला भागच दिसणार. आपलं हाफपीच म्हणजे काय, पीच आखूड, जागा कमी, आणि टूर्नामेंट मात्र बक्षिसं, मंडप, कॉमेंट्रीसकट! गंमत त्या थाटात हाय, मापात न्हाई. म्हणून ‘हाफ’ सोडून दे आणि पोरं जमून असंच खेळतात त्या खेळाचा शब्द धर. तो मात्र देशागणिक बदलतो बघ: मेक्सिकोत कास्कारीता, अर्जेंटिनात पिकादीतो, चिलीत पिचांगा (ह्यात आपलं पीच फुकटात आलं की, मला तर हाच आवडला), आणि स्पेनमध्ये पाचांगा. पाचांगाला दंगामस्ती, मौजमजा असाही अर्थ हाय, नकलेला बरं पडतं. भाऊ बार्सिलोनात म्हटल्यावर पिचांगा तिथं कुणाला कळणार न्हाई, तेव्हा ‘एल मुंदियाल दे ला पाचांगा’ कर.

शहापूरकर: पाचांगा म्हणजे पंचांगच की वो दादा 😂 पण हे सगळे शब्द फुटबॉलचे न्हवं? लोक बॉल लाथाडायची वाट बघत बसतील.

खानापूरकर: बसू देत की, खुर्चीचा स्टंप बघून आपोआप कळतंय. लईच वाटलं तर शेवटी ‘दे क्रिकेत’ जोड, नाव लांबतं एवढंच.

निपाणीकर: मधेच बोलतो, माफी असावी. व्हिडिओखालच्या वाक्यांचं भाषांतर मशीनकडून करून घेणार असशील तर एकदा नजर टाक. स्पॅनिशमध्ये खेळ तो क्रिकेत आणि किडा तो ग्रियो, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. मशीन इंग्रजीवरनं गेलं तर रातकिड्यांचा वर्ल्डकप व्हायचा. आणि आज्जीचं कन्नड तसंच ठेव, त्याचं भाषांतर करत बसू नकोस, मान हलवल्यावर कुणालाबी कळतंय.