आर्किटेक्टचा आराखडा आणि घराची नक्षी: तुमचं मत काय?

थोरली_ओसरी: गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घराचा नवा आराखडा काल बघितला. दर्शनी खांब, तुळशीवृंदावन जागच्या जागी. पण खिडक्यांना काचेऐवजी बसवलेले पातळ शिंपले काढून रंगीत काचा, आणि राजांगणातल्या कावी नक्षीवर पुट्टी! माझा ठाम विरोध आहे. ओल्या चुन्यावर हुरमुंजीचा लाल थर देऊन, तो खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करत काढलेली फुलं आहेत ती. प्रत्येक फुलाच्या मधोमध कंपासाच्या टोकाचं भोक अजून बोटाला लागतं. मोरजाईच्या देवळातली कावी बघायला आपण मोरजीला जातो, आणि घरातली पुसायची?

बारमाही: तुम्ही चवथीला येता. मी अशाच घरात बारा महिने राहते. आषाढात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय सासूबाईंना पोथी दिसत नाही. शिंपले बसवलेल्या पट्ट्या कुजल्या, चार शिंपले फुटले, तिथे पुठ्ठा लावलाय. नवे आणायचे कुठून? चिखलीच्या खाडीत मिळतो तो या शिंपल्यांचा जीव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. नक्षी जपा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा इथे काढावा.

चिरेबंद: खर्चाचंही बोला. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात मुलामुलींना सारखा वाटा. सह्यांना वीस जण, कौल परतायला एक. राहणारा पैसे घालतोय, तर निर्णयही त्याचाच.

थोरली_ओसरी: बारमाही, पोथीचा मुद्दा पटला, तो माझ्या डोक्यातच आला नव्हता. खालच्या झडपांना काच लावू, तिथले धड शिंपले वरच्या फुटक्या जागी बसवू. चिरेबंद, पैसे घालणाऱ्याला मान आहेच, पण एकदा पुट्टी मारली की ती फुलं कुठल्याही पैशाने परत येत नाहीत. शिवाय भिंतीचा जांभा चिरा पाणी ओढतो, चुन्यातून ते बाहेर पडतं. आमच्या मागच्या खोलीला सिमेंटचा गिलावा केला. तो फुगून पोपडे पडलेत.

बारमाही: मग भिंतीला हात लावू नका, हे मलाही मान्य. काच मात्र साधी, रंगीत नको. आणि आर्किटेक्टला पावसातली एक दुपार दिवा न लावता तुमच्या माजघरात बसवा. हातात पोथी द्या.