नारायणगाव–वाशी फेऱ्यांसाठी २०१९ ची जुनी बोलेरो पिकअप : घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

ओतूरकर_बागायतदार

नमस्कार. आमची ओतूर परिसरात साडेचार एकर बागायत आहे. उन्हाळ्यात टोमॅटो आणि नंतर मेथी-कोथिंबीर असे पीक आम्ही घेतो. आजवर माल भाड्याच्या गाडीने नारायणगावच्या बाजारात जात असे आणि तिथे भाव पडलेला असला, तर माळशेज घाटाने वाशीला पाठवावा लागे. गेल्या हंगामातील भाड्याचा हिशेब मांडल्यावर स्वतःची जुनी पिकअप घ्यावी, असे धाकट्या भावाने आणि मी ठरवले आहे.

तालुक्यातील एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे महिंद्राची बोलेरो पिकअप पाहिली. तिची नोंदणी फेब्रुवारी २०१९ ची असून गाडी बीएस-४ आहे, मालक दुसरा आहे आणि मीटरवर ९२ हजार किलोमीटर दिसतात. आरसीवरील भरलेले आणि रिकामे वजन यांत १३०० किलोंचा फरक आहे. व्यापारी ५ लाख ४० हजार सांगतो. हौद्याला आणि खालून चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) नुकताच काळा रंग दिलेला आहे, आसनांची कव्हरे नवी आहेत आणि चालवताना गाडी बरी वाटली; मात्र ती रिकामीच चालवायला मिळाली.

आम्हाला एका वेळी ६५ क्रेट न्यायचे आहेत. आम्हा दोघांनाही ट्रॅक्टरपलीकडे यंत्राची फारशी माहिती नाही. मेकॅनिकला नेण्यापूर्वी स्वतःला काय पाहता येईल आणि कागदपत्रांत कुठे फसगत होते, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

घारगाव_गॅरेज

दादा, तुम्ही नव्या रंगाचा उल्लेख केलात म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सहा वर्षे माल वाहिलेल्या गाडीचे चेसिस खालून काळेभोर चकचकीत असेल, तर मी आधी त्या रंगाखाली काय आहे हे शोधतो. गाडी विकताना केबिन सगळेच सजवतात, पण मालगाडीचे आयुष्य केबिनखाली लिहिलेले असते. अंगावर जुने कपडे घालून जा, चटई आणि टॉर्च न्या आणि सरळ गाडीखाली झोपा.

मागचे कमानपाटे जिथे हँगरला आणि शॅकलला (पाटे चेसिसला जोडणाऱ्या कड्यांना) धरलेले असतात, त्याच्या पुढेमागे वीतभर चेसिसवर बोट फिरवा. कंपनीच्या कामात सांधे सरळ आणि एकसारखे असतात. हाताने मारलेले वेल्डिंग गाठीगाठीचे लागते आणि रंग दिला तरी बोटाला कळते. त्या जागी पट्टी जोडलेली आढळली, तर चेसिसला एकदा तडा गेलेला आहे, असे समजावे. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. एका बाजूला एक पाटा जास्त असेल, तर गाडी तिकडे झुकत होती म्हणून घातलेला असतो. दोन्हीकडे जास्त असतील, तर आधीच्या मालकाने ठरवून जादा माल भरला आहे.

जादा पाट्याचा एक तोटा फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. पुष्कळ पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि हौदा मागच्या एक्सलच्या दिशेने किती दबला, यावरून त्याला भार कळतो. पाटे वाढवून गाडी कडक केली की भरलेली गाडीही कमी दबते, त्या व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागच्या चाकांना पुरेसा ब्रेक मिळत नाही. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही, पण तुम्हाला माळशेज उतरायचा आहे.

इंजिन थंड असतानाच पाहिले पाहिजे. तुम्ही पोहोचण्याआधीच व्यापाऱ्याने गाडी सुरू करून ठेवली असेल, बॉनेट हाताला गरम लागत असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड इंजिनाने किती वेळ स्टार्टर मारल्यावर जोर धरला आणि सुरुवातीला कोणता धूर सोडला, यावरून बरेच समजते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर डिझेल पूर्ण जळत नसल्याचा असतो, मग दोष इंजेक्टरचा असो, टर्बोचा असो किंवा नुसत्या एअर फिल्टरचा असो. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही, तर पाण्याची टाकी उघडून (इंजिन थंड झाल्यावरच) कूलंटमध्ये तेलकटपणा आहे का, ते पाहा. गाडी चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढा. आतून भपाभप वारा येत असेल, तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटतो आहे, आणि लवकरच इंजिनकाम निघणार आहे.

क्लचसाठी हँडब्रेक पूर्ण ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक, फिरतच राहिले तर प्लेट संपली. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३२१ लिहिले असेल, तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. नक्षी खोल दिसली तरी वर्ष जुने असेल, तर त्या टायरची किंमत धरू नका.

आता तुमच्या ६५ क्रेटविषयी. एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो धरला आणि रिकामा क्रेट पावणेदोन किलोंचा मानला, तर माल चौदाशे किलोंच्या वर जातो. त्यात तुम्ही दोघे बसणार. म्हणजे १३०० किलोंच्या गाडीत तुमचा बेत मुळातच बसत नाही. शिवाय व्यवहारापूर्वी ही गाडी डिझेलसह, पण माणसे खाली उतरवून वजनकाट्यावर न्या आणि पावती आरसीवरील रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. हौद्यात चेकर पत्रा (नक्षीचा जाड लोखंडी पत्रा) ठोकून आणि फाळके (हौद्याच्या कडेच्या भिंती) उंचावून लोक दीडदोनशे किलो लोखंड सहज वाढवतात. तेवढा माल कायद्याने कमी भरावा लागतो.

मिरकरवाडा_ते_कोल्हापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एक प्रश्न त्यांनी विचारलेला नाही, तो विचारतो. या गाडीने सहा वर्षे नेमके काय वाहिले? आम्ही रत्नागिरीहून मासळी घाटावर नेतो. खोक्यांतील बर्फ वितळून खारे पाणी हौद्याच्या फटींतून चेसिसवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि वायरिंगच्या जोडांवर सतत ठिबकत राहते. अशी गाडी चार वर्षांनी वरून देखणी असते आणि खालून पापुद्रे सुटतात. खतांच्या गोण्या वाहिलेल्या गाडीचेही तसेच होते. आमच्याकडील कित्येक गाड्या विकल्यानंतर घाटावर जातात, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून पहिल्या मालकाचा पत्ता आरसीच्या नोंदीवरून कोणत्या जिल्ह्याचा निघतो, ते पाहा. किनारपट्टीचा असेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस आणि हौद्याचे आडवे पट्टे ठोकत जा. धडधाकट लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. वास पूर्ण जात नाही, त्यामुळे हौद्याच्या कोपऱ्यात नाकही लावून पाहावे. हसू येईल, पण उपयोग होतो.

कागद_आधी

परिवहन कार्यालयाशी संबंधित कामे मी बरीच वर्षे करतो, म्हणून कागदपत्रांपुरते लिहितो.

चेसिस क्रमांक आरसीवर वाचून समाधान मानू नये. चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि एकेक अक्षर जुळवावे. त्यानंतर परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून योग्यता प्रमाणपत्र, विमा, पीयूसी आणि कर यांच्या तारखा पाहाव्यात. दंडाच्या थकीत ई-चलनांची यादीही त्याच बैठकीत काढून घ्यावी, कारण मालवाहू गाडीवर ती रक्कम अनेकदा पाच आकड्यांत जाते आणि व्यवहार झाल्यावर विक्रेता फोन उचलत नाही. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे असते आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. आपली गाडी २०१९ ची असल्यामुळे २०२७ पासून तो खर्च दरसाल धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची नोंदणी असल्याने तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही पाहावे.

आरसीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतील असेल, तर फॉर्म २८ चे ना-हरकत पत्रही लागू शकते. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत कळवावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

येथे सर्वांत मोठी फसगत होते, म्हणून थांबून सांगतो. पुष्कळ व्यापारी पहिल्या मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म ठेवून घेतात आणि गाडी तीन हात फिरली तरी नोंद त्याच मालकाच्या नावावर राहते. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर केलेली नोटरी म्हणजे हस्तांतर नव्हे. गाडी विकली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आपण खरेदीदार आहात, तेव्हा आपल्याला वाटेल की ही विक्रेत्याची काळजी आहे. परंतु नाव आपले नसेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमादावा आपल्याला मिळणार नाही. नाव बदलताच १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावे करून घ्यावा. नो क्लेम बोनस मात्र विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात थोडा फरक पडेल.

परमिटविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. भरलेल्या गाडीचे एकूण वजन ३००० किलोंपेक्षा जास्त नसेल, तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आरसीवरील आकडा पाहून ठरवावे. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केले आहे, त्यामुळे भावाला वेगळ्या परवान्याची धावपळ नको. मात्र जादा माल भरण्याचा दंड कायद्यात २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. टोमॅटो भर उन्हात रस्त्याच्या कडेला उतरवण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

छोटा_हत्ती_मोठे_काम

माझे मत थोडे वेगळे आहे. माल बहुतेक वेळा नारायणगावलाच जाणार असेल आणि वाशी कधीतरीच, तर छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, घेऊन वाशीपुरती भाड्याची गाडी करावी. २००५ मध्ये आलेला टाटा एस आजही शेतातल्या वाटेवर आणि बाजाराच्या गर्दीत सोयीचा पडतो आणि जुना स्वस्तात मिळतो. पण जुन्या डिझेल एसचे इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे आहे, हे विसरून त्याला माळशेजला जुंपू नये. माझ्या मेहुण्यांनी जुंपला होता. गाडी पोहोचली, परंतु भाव संपल्यावर.

आणखी एक सुचवतो. विक्रेता भरलेली गाडी चालवून बघू देत नाही, ही सर्वांची अडचण असते. त्यावर उपाय म्हणून त्याला रीतसर भाडे देऊन त्याच गाडीने, त्याच्याच चालकासह, स्वतःच्या मालाची एक फेरी करावी आणि शेजारी बसून जावे. चढावर तापमानाचा काटा, उतारावर ब्रेक आणि चौथ्या गिअरमधला आवाज, हे सगळे एका भाड्यात कळते.

ओतूरकर_बागायतदार

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले, त्याचा वृत्तांत देतो.

वजनकाट्यावर गाडी आरसीपेक्षा १८५ किलो जास्त भरली. हौद्यात पूर्ण चेकर पत्रा आहे आणि फाळके वीतभर उंचावलेले आहेत. हिशेब केला तेव्हा आम्ही दोघे बसल्यावर ४५ क्रेटसुद्धा कायद्यात बसत नाहीत. पाटे उजवीकडे एक जास्त निघाले आणि त्याच बाजूच्या शॅकलपाशी रंगाखाली वेल्डिंगच्या गाठी हाताला लागल्या. भाड्याने फेरी करण्याविषयी विचारले, तेव्हा व्यापाऱ्याने विषय बदलला. अधिकृत सेवा केंद्रात चेसिस क्रमांक देऊन जुन्या नोंदी विचारल्या, तर २०२३ च्या सर्व्हिसिंगच्या वेळीच मीटर १ लाख १८ हजारांवर होते. आज ते ९२ हजार दाखवते! हे समोर ठेवल्यावर व्यापारी एका वाक्यात ६५ हजार उतरला. आम्ही ती गाडी सोडली.

आता अकोल्याजवळच्या एका दूध संकलनाच्या मार्गावरची २०१७ ची पिकअप पाहिली आहे. म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले, विदर्भातील नव्हे. मालक एकच आहे, नाव त्याच्याच नोंदीवर आहे, बोजा उतरलेला आहे आणि काट्यावर वजन आरसीपेक्षा फक्त ३० किलो जास्त आले. रविवारी सकाळी ती घारगावला गॅरेजवर दाखवायला आणतो. दुधाच्या गाडीत वेगळे काही पाहावे लागते का?

घारगाव_गॅरेज

दादा, सोडलीत ते उत्तम केलेत. वेल्डिंग एकवेळ निभावले असते, पण वेल्डिंग, जादा पाटा आणि मागे फिरवलेले मीटर एकत्र म्हणजे त्या गाडीने काय काय सोसले, याचा अंदाज कोणालाच देता आला नसता.

दुधाची गाडी भाराने सहसा मोडत नाही, ती थांबण्याने झिजते. गोठ्यागोठ्याला थांबून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये निघायचे, त्यामुळे क्लच, पहिल्या-दुसऱ्या गिअरचे सिंक्रो (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली कडी), स्टार्टर आणि मागचे ब्रेक लायनर आधी पाहावेत. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यातही, प्ले (ढिलेपणा) येतो. गाडी उतार नसलेल्या जागी उभी करून, चाकांना उटी (अडवायला दगड किंवा ठोकळा) लावून शाफ्ट हाताने फिरवून पाहिला की टकटक ऐकू येते. कॅनमधून सांडलेले दूध आणि रोजचे धुणे यांमुळे हौद्याच्या मागच्या कडेला, फाळक्याच्या बिजागरीखाली गंज धरतो. तेवढ्यापुरता पत्रा बदलणे मोठे काम नाही, त्यासाठी किमतीत दहा-बारा हजार मागून घ्या.

तुम्ही रविवारी सकाळी गाडी दाखवायला आणतो म्हणालात, पण अकोल्याहून घारगावपर्यंत येताना इंजिन तापेल आणि थंड असतानाचे काहीच पाहता येणार नाही. मालक तयार असेल, तर शनिवारी संध्याकाळीच गॅरेजवर आणून लावा. चावी त्यांच्याकडेच राहू द्या. सकाळी सातला आपण पहिल्यांदा स्टार्टर मारू.