जॉलाईनचे रबरी गोळे जिममध्ये विकायला ठेवू नयेत

नाट्यवेडा, म्हार्दोळ

थेट विषयावर येतो. जॉलाईन, म्हणजे जबड्याची कड, कोरीव दिसावी म्हणून सिलिकॉनचे गोळे दातांत धरून चावत बसायचं खूळ आता आपल्याकडे गावागावांतल्या जिमपर्यंत पोचलं आहे. माझं म्हणणं असं की हे गोळे जिमच्या काउंटरवर असूच नयेत, आणि अठराच्या आतल्या मुलांच्या हातात तर मुळीच पडू नयेत. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल विरोध करावा, फक्त मुद्द्याला धरून.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लहान लिंबाएवढा ठोकळा असतो, वर-खाली दात बसायला खाचा, आणि घशात जाऊ नये म्हणून गळ्यात अडकवायची दोरी. सौम्य, मध्यम, कडक अशा प्रती मिळतात. समोरच्या दातांत धरायचा आणि चावत राहायचं. काही मुलं जोडीला ग्रीसच्या मस्तकीचा डिंक तासन्‌तास चघळतात. शिवाय म्युइंग आहेच, म्हणजे जीभ दिवसभर टाळूला चिकटवून ठेवणं.

मी गावच्या उत्सवाला संगीत नाटकं बसवतो. यंदा आमचा नायक पद म्हणायला लागला की ‘आ’ मोकळा लागत नाही. तोंड अर्ध्यावर अडतं, मग एका बाजूला सरकून उघडतं, आणि कानापुढे कट्ट असा आवाज येतो. पेटीवाल्याशेजारी बसून मला तो ऐकू येतो. आवाज गोड, सूर पक्का, पण लांब तान घेताना चेहरा वेदनेने आखडतो. चौकशी केली तेव्हा कळलं, जॉलाईनसाठी गोळा चावतो. कोणी दिला? जिममधल्या मोठ्या मुलाने. कुठल्या डॉक्टरने नाही, कुठल्या शिक्षकाने नाही.

गुडघा दुखला तर माणूस बसून राहू शकतो. जबड्याला सुट्टी नसते. बोलणं, जेवणं, जांभई, गाणं, सगळं त्याच एका सांध्यावर. ज्याचा आवाज हेच भांडवल आहे त्या पोराने चेहऱ्याच्या कडेसाठी ते पणाला लावावं, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून हा धागा.

लोहा, मडगाव

सर, तुमच्या कलाकाराला लवकर बरं वाटो. पण एका मुलावरून सगळ्यांना बंदी हे मला पटत नाही.

स्नायूला भार दिला की तो वाढतो. दंडाचा वाढतो, मांडीचा वाढतो, जबड्याचा का वाढणार नाही? माझा वाढला आहे, दात आवळले की हाताला लागतो. जिममध्ये रोज कोणाचा तरी खांदा किंवा कंबर धरते, म्हणून आपण डंबेल बंद करत नाही, वापरायला शिकवतो. हाच न्याय इथे लावा.

दुसरं, आपले आजोबा-पणजोबा काय खात होते? नाचणीची भाकरी, सुकं खोबरं, चणे, जत्रेतलं कडक खाजं, वर सुपारी. त्यांचे जबडे बघा जुन्या फोटोंत. आपण पाव चहात बुडवून खाणारी पिढी. मऊ खाण्याने माणसाचे जबडे लहान झाले हे शास्त्रज्ञही म्हणतात. मग थोडं जास्त चावलं तर बिघडलं कुठे?

आणि दिसणं ही फुकाची हौस आहे असं कृपया कोणी म्हणू नका. गोव्यात पुष्कळ नोकऱ्या पर्यटनावर चालतात. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला, क्रूझवर जायला मुलाखत देऊन या, मग चेहऱ्याला किंमत आहे की नाही ते सांगा. गालफुग्या म्हणून शाळेत चिडवलं गेलेल्या पोराला एक गोळा आत्मविश्वास देत असेल, तर तो हिसकावून घेणारे आपण कोण?

फिजिओताई, पणजी

लोहा भाऊ, चिडवण्याचा मुद्दा मी हलका समजत नाही. माझ्याकडे येणारी बरीच मुलं त्यातूनच या वाटेला लागलेली असतात. स्नायू वाढतो हेही शंभर टक्के खरं. पण कुठला वाढतो ते बघा.

दात घट्ट आवळा आणि कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर हात ठेवा. जो टणक उंचवटा लागतो तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोनापर्यंत तो उभा उतरतो. तो जाड झाला की चेहरा मागच्या बाजूने रुंद होतो, चौकोनी दिसतो. तुम्हा मुलांना हवी असते ती हनुवटीपासून कानापर्यंतची धारदार कड. ती ठरते हाडाच्या ठेवणीवर आणि हनुवटीखालच्या चरबीवर. चावून हनुवटीखालची चरबी जात नाही, जसं पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरवता येत नाही. ती उतरते ती अंगाबरोबर. गोल चेहऱ्याच्या मुलाने मॅसेटर वाढवला तर चेहरा आणखी भरलेला दिसण्याचीच शक्यता जास्त. याच स्नायूत बोटॉक्स, म्हणजे स्नायू ढिला करणारं औषध, टोचून तो बारीक करून घेणारे लोक जगभर आहेत, कारण त्यांना रुंद जबडा नको असतो.

आता डंबेलचा न्याय. दोन्ही तर्जन्या कानाच्या छिद्राच्या जरा पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. आधी आत काहीतरी फिरल्यासारखं वाटेल, मग ते बोटाखालून पुढे सरकेल. हा सांधा नुसता फिरत नाही, फिरतो आणि घसरतो. मध्ये एक लहानशी चकती असते, ती जबड्याच्या डोक्याबरोबर पुढे-मागे जायला हवी. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना कट्ट वाजतं. कधी ती अडकून बसते, मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले. एकाला विश्रांती देऊन दुसऱ्याने काम करता येत नाही. खांदा दुखला तर तुम्ही दुसऱ्या हाताने जेवता. इथे ती सोय नाही.

आणि गोळा धरायचा कुठे सांगतात? समोरच्या दातांत. निसर्गाने जोर काढायची जागा दाढांना दिली आहे. त्या सांध्याच्या जवळ, मुळं दोन-तीन. समोरचे दात एका मुळाचे, सांध्यापासून लांब. तिथे तेवढाच जोर काढायचा तर सांध्यावरचा भार वाढतो. रात्री दात खाणाऱ्यांचा सांधा, कानशीलं आणि दातांची झीज आम्ही एरवी बघतोच. इथे तोच प्रकार जागेपणी, ठरवून, वेळ लावून केला जातो.

दोन पोरांची आई, डिचोली

ताई, एक विचारते. माझा धाकटा दहावीत आहे. सकाळी उठला की कानशीलं धरून बसतो. आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासले, काही नाही. कान दुखतो म्हणाला, कानाच्या डॉक्टरांनी कान साफ आहे म्हणून सांगितलं. परवा दप्तरात हा गोळा सापडला. संबंध असू शकतो का?

घरी या विषयावर बोलायला गेले की खोलीचं दार बंद. चेहऱ्यावर मुरुम आहेत, त्यावरून वर्गात बोलतात. मला त्याला रागवायचं नाहीये.

फिजिओताई, पणजी

संबंध असू शकतो ताई. कानशिलावरचा टेम्पोरॅलिस हाही चावण्याचाच स्नायू आहे, तो थकला की डोकं दुखतं. सांधा कानाला इतका लागून आहे की तिथली कळ कानातच वाटते. कान तपासून नीट निघाला हे चांगलंच झालं. गोळा काही आठवडे पूर्ण बंद, खाणं जरा मऊ, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. तरी दुखलं तर दंतवैद्याला दाखवा. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहेच. रागावू नका हे तुमचं अगदी बरोबर.

कॉलेजकट्टा, फोंडा

सगळे गोळ्यावर बोलताहेत, म्युइंगचं काय? त्यात भार नाही, खर्च नाही. जीभ टाळूला लावून तोंड मिटून बसायचं. मी करतो, फोटोत फरक दिसतो.

पेडण्याचा काका

फोटोत मान ताणून हनुवटी पुढे काढलीस तर माझाही फरक दिसेल रे. प्रकाश वरून घेतला तर आणखी. आधीचा आणि नंतरचा फोटो एकाच कोनातून, एकाच उजेडात घेतलेला दाखव, मग बोलू.

फिजिओताई, पणजी

जीभ टाळूला हलकी टेकलेली, ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती आहेच. त्यात चूक काही नाही. घोटाळा होतो तो जोराने दाबण्यात. जीभ दाबली की दातही आवळले जातात, आणि मुलं तेच तासन्‌तास करतात.

वीस-बावीसच्या वयात जिभेच्या दाबाने हाड बदलतं याला पुरावा नाही. ही कल्पना ब्रिटनच्या जॉन म्यू आणि त्यांचा मुलगा माईक म्यू यांनी पसरवली. लहान मुलांवर केलेल्या उपचारांच्या प्रकरणात माईक म्यू यांचं नाव तिथल्या दंतवैद्यक परिषदेने २०२४ मध्ये नोंदणीतून काढलं. हे आपल्या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही.

लोहा भाऊंच्या मऊ खाण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण ते वाढत्या वयाचं. लहानपणी चावून खाल्लं तर जबड्याच्या वाढीला मदत होते. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला भाकरी, पेरू, ऊस जरूर द्या. वाढ संपल्यावर तो हिशेब लागू होत नाही. आणि सुपारीचं नाव या यादीत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं.

लोहा, मडगाव

सुपारी मागे घेतली. बाकी मुद्दा सोडत नाही.

चेहऱ्याच्या व्यायामाने काहीच होत नाही असं नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अभ्यास आहे, २०१८ साली जामा डर्मेटोलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. ४० ते ६५ वयाच्या बायकांनी २० आठवडे चेहऱ्याचे व्यायाम केले. फोटो बघून डॉक्टरांनी लावलेला वयाचा अंदाज जवळजवळ ५१ वरून ४८ वर आला. मग चेहरा व्यायामाने बदलतो हे सिद्ध झालं ना? बंदीची भाषा करण्यापेक्षा नीट पद्धत का शिकवत नाही?

फिजिओताई, पणजी

तो अभ्यास मी वाचला आहे, आणि आणलात ते बरं केलंत. सुरुवातीला २७ जणी होत्या, शेवटपर्यंत १६ टिकल्या. व्यायाम न करणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. त्यातही फरक दिसला तो गाल वरून आणि खालून भरलेले दिसण्यात. जबड्याच्या कडेत नाही. आणि व्यायाम होते गाल उचलणं, हसू धरून बोटांनी विरोध देणं, अशा प्रकारचे. चावणं नव्हतंच. पन्नाशीच्या बाईचे सुकलेले गाल थोडे भरले, यावरून सतराच्या मुलाने कडक गोळा चावावा हे निघत नाही.

आम्ही जबड्याचे व्यायाम शिकवतो की! जीभ टाळूला ठेवून तोंड सरळ रेषेत उघडणं, हनुवटीला बोटाने हलका विरोध देणं, मान आणि खांदे सैल करणं. ते दुखणं कमी करायला आणि हालचाल सुधारायला असतात, रूप बदलायला नाही.

नाट्यवेडा, म्हार्दोळ

लोहा, तू म्हणतोस पद्धत शिकवा. ठीक. पण शिकवणार कोण? डंबेलला तुझ्यासारखा अनुभवी माणूस शेजारी उभा राहतो, कोपर कुठे, श्वास कधी ते सांगतो. गोळा मूल घरी नेतं, पुस्तक उघडून तोंडात धरतं, आणि कोणाचंच लक्ष नसतं. तुझ्या जिममध्ये गोळा देताना कोणी विचारतं का, तुझा जबडा वाजतो का, रात्री दात खातोस का, दातांना तारा लावल्या आहेत का?

लोहा, मडगाव

नाही विचारत. हे खरं.

मोठ्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा, हे माझं मत कायम आहे. सर, तुम्ही ताईंचं सगळं बरोबर धरलंत तरी पंचविशीतल्या माणसाला काय चावावं हे सांगायचा अधिकार कोणाला नाही. पण अठराच्या आतल्यांना आमच्या काउंटरवरून गोळा मिळणार नाही, एवढं मी आजच मालकांशी बोलतो. काउंटरवरून उचलायचाच, हे मात्र मला मान्य नाही.

कॉलेजकट्टा, फोंडा

ताई, माझा वाजतो. दुखत नाही, फक्त वाजतो. घाबरायचं का?

फिजिओताई, पणजी

नुसता वाजतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर घाबरू नकोस. असे वाजणारे सांधे पुष्कळांचे असतात आणि सगळ्यांना उपचार लागत नाहीत. आरशासमोर उभा राहा. स्वतःची तीन बोटं, तर्जनी ते अनामिका, उभी करून समोरच्या दातांमध्ये मावतात का बघ. उघडताना हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूला पळते तेही बघ. बोटं मावत नसतील, हनुवटी पळत असेल, सकाळी जबडा आखडलेला असेल किंवा कधी तोंड मध्येच अडकलं असेल, तर दाखवायला ये. जीभ दाबून धरणं आजपासून बंद कर. आणि दिवसातून अधूनमधून स्वतःला विचार, आत्ता माझे दात एकमेकांना टेकले आहेत का. टेकले असतील तर सोड.

कॉलेजकट्टा, फोंडा

तीन मावतात. हनुवटी उजवीकडे जाते. सोमवारी येतो.