जुन्या वॅगन आरच्या अलार्मचा रिमोट निकामी झाला. नवा कसा जुळवावा?

कृष्णाकाठ (सांगली)

आमच्याकडे २००८ सालची वॅगन आर आहे. गाडी घेतली तेव्हाच ॲक्सेसरीजच्या एका दुकानातून सेंट्रल लॉकिंगसह सायरनचा अलार्म बसवून घेतला होता. सोबत मिळालेल्या दोन रिमोटांपैकी एक पूर्वीच हरवला आणि दुसरा गेल्या आठवड्यात वडिलांच्या शर्टाच्या खिशातून कपडे भिजवलेल्या बादलीत गेला. तो सुकवला, नवा सेल घातला. बटण दाबले की लाल दिवा लागतो, पण गाडी दाद देत नाही. दार किल्लीने उघडले की सायरन सुरू होतो आणि तो थांबल्यावरही स्टार्टर फिरत नाही. त्यामुळे सध्या बॅटरीची वायर काढून ठेवली आहे.

हुबेहूब तसाच दिसणारा रिमोट विकत आणला, तोही चालला नाही. एका गॅरेजमध्ये सगळा अलार्मच काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. आईला आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी याच गाडीने न्यावे लागते, म्हणून लवकर मार्ग काढायचा आहे. नेमके काय करावे?

सोल्डरगन (पुणे)

सर्वप्रथम जुना रिमोट टाकून देऊ नका. तो दुरुस्त झाला नाही तरी नवा कोणता घ्यायचा हे तोच सांगणार आहे.

दिवा लागतो याचा अर्थ दिव्यापुरता वीजप्रवाह मिळतो आहे, एवढाच. रेडिओलहर बाहेर पडते आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहण्याची युक्ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे, कारण तो इन्फ्रारेड प्रकाशावर चालतो; गाडीच्या रिमोटसाठी ती निरुपयोगी आहे. कवच उघडून आतली सर्किटची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. साबणाच्या पाण्याचा पांढरा थर सेलच्या पत्र्याखाली आणि बटणांच्या पायांशी साचतो. नंतर पट्टीवर धातूची एक छोटी चकचकीत डबी दिसेल; तिच्यावर बहुधा ‘आर ४३३’ अशी खूण असते. ही फ्रिक्वेन्सी, म्हणजे ४३३.९२ मेगाहर्ट्झ. तिच्या पायांचे सोल्डर भिंगाखाली पाहा. रिमोट वर्षानुवर्षे हातातून पडत राहिला की तिथे केसासारखी गोल चीर पडते.

आता चिपवरचा क्रमांक वाचा. पीटी २२६२ किंवा ईव्ही १५२७ असेल तर संकेत दर वेळी तोच जातो आणि बाजारातला कॉपी रिमोट त्याची नक्कल करू शकतो, मात्र त्यासाठी मूळ रिमोट चालू असावा लागतो. एचसीएस ३०० किंवा ३०१ असेल तर प्रत्येक दाबण्यासरशी संकेत बदलतो. त्याची अशी नक्कल होत नाही, नवा रिमोट गाडीतल्या अलार्मच्या युनिटला शिकवावाच लागतो. दोन रिमोटांचे कवच एकसारखे असले म्हणून आतली चिप एकच असेल असे नाही, आणि आपण आणलेला रिमोट बहुधा त्यामुळेच चालला नसावा. शिवाय चिप तीच असली, तरी त्या अलार्म कंपनीची सांकेतिक चावी रिमोटमध्ये भरलेली असावी लागते. तेव्हा रिमोट त्याच कंपनीचा घ्यावा.

घाटवळण (सातारा)

वरील उत्तरात थोडी भर घालतो. चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहा. तिथे वायरींच्या जुडग्यात अलार्मचा काळा डबा, म्हणजेच युनिट, असेल. त्यावरच्या स्टिकरचा स्वच्छ फोटो काढा, कारण रिमोट मागताना गाडीच्या मॉडेलपेक्षा या डब्याचे मॉडेल महत्त्वाचे असते.

याच डब्यातून निघालेल्या वायरीला बोटाच्या पेरापेक्षाही लहान असे एक बटण जोडलेले असते. त्याला व्हॅले स्विच म्हणतात. माझ्या गाडीत ते फ्यूजबॉक्सच्या मागे चिकटपट्टीने बांधलेले होते. बॅटरी जोडा, दार किल्लीने उघडा, इग्निशन ऑन करा आणि लगेच ते बटण दाबा. पुष्कळ अलार्म याने शांत होतात आणि स्टार्टरही मोकळा होतो. निदान आईंची फेरी तरी चुकणार नाही.

रिमोट शिकवण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, पण साधारणपणे इग्निशन ऑन ठेवून हेच बटण ठरावीक वेळा दाबायचे, सायरनची किंवा दिव्याची खूण मिळाली की रिमोटचे बटण दाबायचे, असा क्रम असतो. काही युनिटांत नवा रिमोट शिकवला की जुने पुसले जातात, म्हणून जेवढे रिमोट ठेवायचे आहेत तेवढे एकाच बैठकीत शिकवावेत. हरवलेला रिमोटही त्यामुळे बाद होतो, हे फार चांगले.

वायरिंगवाला (नाशिक)

अलार्म काढायची वेळ आलीच तर एक कळकळीची विनंती. स्टार्टर अडवण्यासाठी बसवणाऱ्याने मूळ वायर कापून मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) घातलेला असतो. नुसता डबा ओढून काढला तर गाडी सुरू होणार नाही. आणि कापलेली टोके पिळून टेप गुंडाळली, तर उन्हात टेपचा डिंक सुटून जोड सैल होईल. कापलेली वायर इग्निशनची असेल तर गाडी चालता चालता बंद पडू शकते. जोड सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवून घ्या.

त्या डब्याचा रिमोट कुठेच मिळत नसेल तर दारांतल्या लॉकच्या मोटरींना हात न लावता फक्त युनिट, सायरन आणि रिमोट असा नवा संच बसवता येतो. चालकाच्या दारात पाच वायरींची आणि बाकीच्या दारांत दोन वायरींची मोटर असेल, तर ती मांडणी आजच्या बहुतेक संचांना चालते. आणि मूळ किल्लीत आयकॅट्सची (मारुतीच्या चोरीरोधक यंत्रणेची) चिप असेल तर ती या अलार्मपासून पूर्ण वेगळी आहे. तिला सेल लागत नाही आणि रिमोट बदलल्याने ती बिघडत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. व्हॅले स्विच स्टिअरिंगखाली सापडला आणि तीन खटपटींनंतर गाडी सुरू झाली. रिमोटमधली चिप एचसीएस ३०१ निघाली. डबीच्या एका पायाभोवती आपण सांगितली तशीच चीर होती. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्यांनी सोल्डरचा एक थेंब टाकल्यावर रिमोट दहा-बारा पावलांवरून चालू लागला. डब्यावरचा क्रमांक दाखवून त्याच कंपनीचा दुसरा रिमोट मागवला आहे. तो आला की दोन्ही एकाच बैठकीत शिकवीन.