म्हाताऱ्या घोडीसाठी घर हवं आहे (तातडीचं)

सांजवेळ
आमच्या घोडीला चांगलं घर हवं आहे. स्वभाव इतका गरीब की लहान मूल पोटाखालून गेलं तरी पाय हलवत नाही, मूल पलीकडे निघेपर्यंत थांबते. नऊ वर्षांपूर्वी सोडवून आणली तेव्हा पाठीवर खोगिराची जखम होती, आता तिथे केस न उगवलेली एक गुळगुळीत चकती उरली आहे. महिनाअखेर जागा सोडायची आहे. फुकट द्यायची आहे, माणसं मात्र मायेची हवीत. आतापर्यंत सतरा जणांशी बोलले, सगळे "बघतो" म्हणाले. कृपया नुसते हात जोडलेले बाहुले टाकू नका, माणूस सुचवा.

भोचक_भवानी
वय? उंची? आजार? कुठे आहे? जागा का सोडताय? अख्ख्या धाग्यात फक्त स्वभाव. लग्न जमवताय का?

सांजवेळ
वय दातांवरून सव्वीसच्या आसपास. ठिकाण इथे लिहिणार नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुसरीकडे उघड लिहिलं होतं तर दोन दलाल दारात आले, त्यातला एक टेम्पो घेऊनच. जागा मालकाला परत हवी आहे. तब्येत वयाच्या मानाने उत्तम.

जुना_मोतद्दार
ताई, आधी तो "फुकट" शब्द काढा. टेम्पो त्यानेच आला. थोडी का होईना रक्कम घ्या आणि कागद करा: विकायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, गाडीला जोडायची नाही, जमलं नाही तर तुम्हालाच परत. आणि वर्षातून दोनदा न सांगता येऊन बघणार, हेही लिहून घ्या. प्रामाणिक माणूस यावर सही करतो, दलालाला त्याच वेळी दुसरं काम आठवतं.

"वयाच्या मानाने उत्तम" यातून काही कळत नाही. खाताना तोंडातून गवताचे ओले बोळे पडतात का? घोड्याचा दात झिजतो तसा हिरडीतून वर सरकत राहतो. पंचविशीच्या पुढे सरकायला फारसं उरत नाही. मग जनावर चघळतं, रस गिळतं आणि चोथा टाकतं. मालकाला वाटतं, चांगलं खातेय की.

उंटावरचा_शहाणा
सोपं आहे. एखाद्या घोडेस्वारी शिकवणाऱ्या क्लबला द्या. शांत घोडं त्यांना हवंच असतं. मुलांना बसवतील, तिचाही व्यायाम होईल.

जुना_मोतद्दार
सव्विसाव्या वर्षी? पाठीवर खोगिराचा वण असताना? क्लबवाला दोन महिने मुलं बसवेल, लंगडायला लागली की तोच टेम्पो बोलावेल.

उंटावरचा_शहाणा
सगळे क्लब तसे नसतात. माझी पुतणी जिथे शिकते तिथे तिशीतला घोडा आहे.

जुना_मोतद्दार
असेल. तो त्यांचा स्वतःचा, उमेदीत काम केलेला. बाहेरून आलेल्या म्हातारीला कोण पोसतं?

सांजवेळ
तिच्यावर कोणी बसायचं नाही, हे मला सांगायचंच राहिलं. बोळे पडतात हो, दाराशी रोज सकाळी पाच-सहा झाडून काढते. म्हणून गवत बारीक कापून, चंदीबरोबर (घोड्याचा दाणा) भिजवून देतो. एवढं चालतं की.

भोचक_भवानी
"एवढं चालतं की" हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. दिवसातून किती वेळा भिजवून देता? नवा माणूस नोकरीवाला असेल तर मधलं कोण देणार?

सांजवेळ
चार वेळा.

बागवान
घोड्याची लीद गुलाबाला फार चांगली, पण ताजी घालू नका, कुजवून घाला. ताज्या लिदीत गवताचं बी जिवंत राहतं आणि वाफाभर तण माजतं.

भोचक_भवानी
बागवानकाका, घोडीला घर हवंय, गुलाबाला खत नाही.

बागवान
सहज सांगितलं.

निळी_शाई
रंग कोणता? फोटो टाका ना.

सांजवेळ
पांढरी. फोटो मुद्दाम टाकत नाहीये, ओळखू येईल.

निळी_शाई
म्हणजे जन्मताना काळी किंवा तपकिरी असणार! पांढरे दिसणारे बहुतेक घोडे गडद रंगाचे जन्मतात आणि वर्षागणिक फिके होत जातात. जन्मापासून पांढरा घोडा फार दुर्मीळ.

खुरपाट
हे विषयांतर वाटेल, पण कामाचं आहे. अशा पांढऱ्या पडलेल्या घोड्यांना पंधरा वर्षांनंतर शेपटीखाली काळ्या गाठी येतात, बहुतेकांना येतातच. सांजवेळ, शेपटी उचलून बघितलीत?

सांजवेळ
तीन आहेत. सुपारीएवढ्या. डॉक्टर म्हणाले वाढत नाहीयेत तोवर हात लावू नका. हे लिहिलं असतं तर कोणी घेतलं असतं का?

खुरपाट
नेणाऱ्याला घरी पोचल्यावर दिसलं तर तो परत करेल, आणि प्रवास म्हातारीला दोनदा होईल. सगळं आधीच सांगा. आणखी एक, पुढच्या पायांच्या घोट्यांवर, समोरच्या बाजूला, खरचटल्याच्या खपल्या आहेत का?

सांजवेळ
आहेत! तुम्हाला कसं कळलं? आम्हाला वाटायचं कुंपणाला घासते.

खुरपाट
कुंपण नाही. घोडं उभ्याने डुलकी काढतं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं. सांधे दुखत असले, जमीन कडक असली किंवा आसपास सोबत नसली की ते आडवं होत नाही. मग उभ्याउभ्या गाढ झोप लागते, गुडघे दुमडतात आणि घोटे आपटतात. माझ्या म्हाताऱ्याचं वर्षभर असंच चाललं होतं, आम्ही नालबंदाला दोष देत होतो. डॉक्टरांकडून सांधेदुखीवर औषध घेतलं, खाली भुशाचा जाड थर केला, पाचव्या रात्री अंगावर भुसा चिकटलेला दिसला. मी त्या भुशाचा फोटो काढून ठेवला आहे.

म्हणून विचारतो, ती एकटी आहे का?

सांजवेळ
एकटी कुठे? गाढव आहे ना.

भोचक_भवानी
कोणतं गाढव???

सांजवेळ
तिचं गाढव. लिहिलं नव्हतं का? दोघं एकाच दिवशी आणली. तो पाणी प्यायला कोपऱ्यापलीकडे गेला तरी ही खिंकाळून आळी उठवते. रात्री हिची मान त्याच्या पाठीवर असते.

जुना_मोतद्दार
अहो ताई! मग एक घर नाही, दोघांचं घर शोधतोय आपण.

सांजवेळ
दोघांना कोण घेणार म्हणून गाढवासाठी वेगळा धागा काढणार होते.

खुरपाट
तो धागा काढू नका. जोडी तुटली की गाढव खाणं सोडतं, आणि उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी चढून ते जिवानिशी जातं. उलट जोडी असण्याने तुमचं काम सोपं झालं. नव्या जागी घोड्याची सोबत शोधावी लागणार नाही.

उंटावरचा_शहाणा
गाढवाच्या फुप्फुसातले जंत घोड्याला होतात, हे कोणी सांगणार आहे का?

खुरपाट
होतात. नऊ वर्षं एकत्र चरतायत, जंताचं औषध दोघांना एकदमच द्यायचं. नव्या जागी आधीचे घोडे असतील तर पहिले दोन-तीन आठवडे ही दोघं वेगळी ठेवा.

स्पष्टवक्ता
कटू वाटेल, पण सव्वीस वर्षं, दात गेलेले, गाठी, सांधे. डॉक्टरांना बोलावून शांतपणे झोपवणं हाही पर्याय आहे. अनोळखी ठिकाणी नेऊन हाल करण्यापेक्षा बरा.

निळी_शाई
किती निर्दयी! ती खातेय, चालतेय.

जुना_मोतद्दार
निर्दयी नाही. मी दोन घोडी अशी पाठवली आहेत, दोन्ही वेळा उशीरच केला. पण ते दुखणं बघून ठरवायचं, जागामालकाची तारीख बघून नाही. सांजवेळ, ती अजून अंग टाकून लोळते का?

सांजवेळ
आंघोळ घातली की लगेच. मुद्दाम चिखल शोधते.

जुना_मोतद्दार
मग घर शोधा.

दूरचा_डोंगर
नेहमी फक्त वाचतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक घोडा आहे, त्याची जोडीदारीण उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून तो फाटकाशी उभा असतो. आई दिवसभर घरी असते, चार वेळा भिजवून घालणं जमेल. घोडीबरोबर गाढवही चालेल. कागदावर सही करतो. व्यनि केला आहे.

भोचक_भवानी
सांजवेळ, व्यनि बघा!! आणि सही झाली तरी आधी स्वतः जाऊन जागा बघून या. पाणी, सावली, कुंपण.

खुरपाट
तिचं नेहमीचं गवत आणि चंदी दहा दिवसांची बरोबर द्या. त्यात नवं थोडंथोडं मिसळत न्या. एकदम बदललं तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला ओकता येत नाही.

सांजवेळ
काल जाऊन आले. आईंनी गवताची मूठ वासासाठी नाकाशी धरली तेव्हाच अर्धं ठरलं. जमीन मऊ आहे, दार रुंद आहे. गाठी, दात, घोटे सगळं सांगितलं, कागद झाला. रविवारी गाडी येतेय.

आता घाईचा प्रश्न. नऊ वर्षांत ती गाडीत चढलेली नाही. आज रिकाम्या ट्रकच्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवले आणि तशीच तासभर उभी राहिली. गूळ दाखवला, मागून ढकललं, काही उपयोग नाही. काय करू?

जुना_मोतद्दार
ढकलू नका. आधी गाढव चढवा.