लस मुलांना, धडधड आपल्याला: अनुभव लिहा

गिरगाव, आई

पुढच्या महिन्यात लेकीला एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसीचा, पहिला डोस द्यायचाय. वय ११. नवरा म्हणतो देऊन टाकू, सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला कशाला, आणि माझं मत दर तासाला बदलतंय. डॉक्टर म्हणाले, पंधराच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, नंतर तीन लागतात. दहा ते सोळा वयाच्या मुलांना कुठलीही लस दिली असेल तर नेमकं काय झालं ते लिहा. फॉरवर्ड नकोत, ते सगळे माझ्याकडे आहेत.

भांडुप, बाबा

१६ मार्च २०२२ ला १२ ते १४ वयाच्या मुलांची कोविडची लस, कोर्बेव्हॅक्स, सुरू झाली, त्याच आठवड्यात चिरंजीवांना नेलं. उन्हात दीड तास रांग, आणि साहेब घरून काही न खाता निघालेले. सुई टोचेपर्यंत ठीक. खुर्चीवर येऊन बसला, म्हणाला "बाबा, आवाज लांबून येतायत". बघतो तर ओठ पांढरे, कपाळावर घाम, आणि खुर्चीवरून सरळ खाली घसरला. माझे पायच गेले. सिस्टरने शांतपणे त्याला आडवं केलं, पाय माझ्या मांडीवर ठेवले. दोन मिनिटांत डोळे उघडून "मोबाईल कुठंय?"

सिस्टर म्हणाल्या, ही लस नाही, भीती आणि रिकामं पोट. या वयात सुई बघून चक्कर येणं नेहमीचं, खरा धोका पडून डोकं आपटण्याचा. २८ दिवसांनी दुसरा डोस: कांदेपोहे खाऊन, पलंगावर झोपून. काहीही झालं नाही.

कुर्ला, आई

दहाव्या वर्षीची टीडी, धनुर्वात-घटसर्पाची लस. दंड लाल, टणक, चार दिवस हात वर नेला की ओरडायची. थंड पाण्याची पट्टी ठेवली, उतरलं. बस.

लालबाग, शिक्षिका

२०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम आमच्या शाळेत आली, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्यांसाठी. आठवीच्या वर्गात एकीला भोवळ आली आणि तिला बघून मागच्या चौघी बसल्या. गेटवर पालकांची ही गर्दी! डॉक्टरांनी तपासलं, नाडी-रक्तदाब व्यवस्थित, तासाभरात सगळ्या डबा खात होत्या. चूक आमची होती. रांग अशी लावलेली की प्रत्येकीला पुढचीचा दंड दिसत होता. नंतरच्या वर्गाला पडदा लावला, एकेकीला आत घेतलं. एकही पडली नाही.

विलेपार्ले, आई

३ जानेवारी २०२२, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या कोविड लसीचा पहिलाच दिवस, कोव्हॅक्सिन. रात्री १०१ ताप, अंगदुखी. तेव्हा काही केंद्रांवर मुलांच्या हातात पॅरासिटामॉलच्या गोळ्या ठेवत होते आणि भारत बायोटेकने त्याच आठवड्यात सांगितलं की याची शिफारस नाही. मी स्ट्रिप हातात धरून बसलेली! आमच्या डॉक्टरांचं उत्तर: ताप येईल म्हणून आधीच देऊ नका, आला आणि पोर कण्हत असेल तर वजनाप्रमाणे द्या. एक गोळी दिली, सकाळी इडल्या मागितल्या.

बोरिवली, मावशी

"लसीने मुलांच्या हृदयाला सूज" हे फॉरवर्ड अगदीच हवेतलं नव्हे. माझ्या भाच्याला, वय १६, न्यू जर्सीत, फायझरच्या कोविड लसीच्या दुसऱ्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं. दोन रात्री हॉस्पिटल, मग काही महिने बास्केटबॉल बंद, आता ठणठणीत. असं क्वचित होतं, जास्त करून किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांना. पण तो फायझरसारख्या एमआरएनए प्रकारच्या लसींचा विषय. आपल्याकडे मुलांना मिळालेल्या कोव्हॅक्सिन आणि कोर्बेव्हॅक्स त्या जातीच्या नाहीत, आणि एचपीव्हीही नाही. कुठलीही लस असो, नंतर छातीत दुखलं किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका.

मुलुंड, सिस्टर

सोळा वर्षं लसी टोचतेय, म्हणून एकच सांगते. पांढरं पडणं, गार घाम, नाडी मंद, आडवं केलं की बरं वाटणं, ही चक्कर. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, घशात घरघर, उलट्या, नाडी धावतेय, ही अ‍ॅलर्जी. फार दुर्मिळ, पण ती बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात दिसते आणि तिचं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन आमच्या ट्रेमध्ये असतं, तुमच्या रिक्षात नसतं. "रिक्षा थांबलीय" म्हणून पळणारे पालक रोज भेटतात. आधी कुठल्या औषधाने किंवा लसीने त्रास झाला असेल तर तो टोचायच्या आधी सांगा. पोरं दारात गेल्यावर आठवण येते तुम्हाला.

गिरगाव, आई

सगळं लेकीला वाचून दाखवलं. छाती, ताप, अ‍ॅलर्जी, कशावरच प्रश्न नाही. फक्त विचारलं, "मी झोपूनच घेतली तर चालेल ना?" शनिवार सकाळची वेळ घेतलीय. सासूबाई शिरा करून देणार आहेत, मत मात्र बदललेलं नाही म्हणाल्या.