घरच्या मिरची सॉसची बाटली फसफसून रायली, काय चुकलं?

तर्रीवाला_नागपूर:
कळमन्यातून एक किलो भिवापुरी लाल मिरची आणली, त्यात पावशेर लसूण, मोठा खडा गूळ, मीठ अंदाजे, अर्धी वाटी व्हिनेगर आणि बाकी पाणी, असं सगळं मिक्सरमधून काढून पाच-सात मिनिटं उकळलं आणि थंड झाल्यावर सरबताच्या जुन्या प्लास्टिक बाटल्यांत भरलं. चार बाटल्या ओट्यावरच ठेवल्या. सहाव्या दिवशी एकीचं झाकण ढिलं केलं तर फस्सकन आवाज, अर्धा सॉस भिंतीवर, बायको अजून बोलून नाही रायली 😅 वास आंबूस आहे पण बुरशी नाही. बाकीच्या तीन परत उकळून वापरता येतील का? आणि पुढच्या वेळी काय करू?

बरणीतला_बुवा:
भाऊ, त्या तीनही फेका. झाकण मोरीत, वरून ओलं फडकं टाकून हळूच उघडा. गूळ म्हणजे यीस्टला मेजवानी, त्यात नागपूरचा मे महिना, म्हणजे फेस येणारच. पण खरी भीती फेसाची नाहीच. व्हिनेगर इतकं कमी की सॉस पुरेसा आंबट झाला की नाही तेच कळत नाही, आणि लसूण-मिरचीवर मातीतल्या बोटुलिनम जिवाणूचे (हा जीवघेणं विष बनवतो) बीजाणू असू शकतात, ते साध्या उकळीनं मरत नाहीत. त्यांना रोखते ती आंबटाई. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आंबट जास्त) ४.६ च्या खाली पाहिजे, मी तर ४ च्याही खाली, ३.५ च्या आसपास आणतो.

गोकुळपेठची_मावशी:
आमच्या घरी तर लोणच्यावर तेलाचा थर देतात अन् वर्षभर टिकते. सॉसवरही बोटभर तेल ओतून ठेवा की!

बरणीतला_बुवा:
मावशी, लोणच्यात मीठ भरपूर, फोडी वाळवलेल्या, आंबटही असते, म्हणून ते जमतं. इथं ओला लसूण आणि पाणी. वरून तेल ओतलं की हवा बंद, आणि बोटुलिनमला बिनहवेचीच जागा आवडते. लसूण तेलात बाहेर ठेवणं तर मुळीच नको.

गोकुळपेठची_मावशी:
बाप्पा! हे माहीतच नव्हतं. मग आमच्याकडचं लसणाचं तेल आजच काढते.

मुद्दाम_आंबवणारा:
मी मुद्दाम आंबवतो, २-३ टक्के मीठ वजन करून, मिरची पाण्याखाली दाबून. आपल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतच जोर धरतं. गॅस निघायला वाट ठेवतो, मग उकळून वर व्हिनेगर. गूळ घालायचा तर शेवटी, आणि मग फ्रीजमध्येच. तुम्हाला आंबवायचंच नसेल तर मिरची-लसूण-पाणी मिळून जेवढं वजन तेवढ्याच्या निम्मं तरी व्हिनेगर घालून बघा, पण पीएच मोजल्याशिवाय भरू नका. काचेची बाटली १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, सॉस ८५ अंशांच्या वर असतानाच भरा, झाकण लावून दोन मिनिटं उलटी. प्लास्टिकला हे नाही झेपत.

तर्रीवाला_नागपूर:
पीएचच्या पट्ट्या आणल्या, पण लाल सॉसमध्ये बुडवल्या की पट्टीच लाल, वाचायचं काय?

मुद्दाम_आंबवणारा:
हो, तेच होतं. डिजिटल मीटर घ्या, पीएच ४ आणि ७ च्या तयार द्रावणात आधी जुळवून. सॉस घट्ट असेल तर डिस्टिल्ड पाणी घालून पातळ करून मोजा, नळाचं पाणी नको.

तर्रीवाला_नागपूर:
मीटर आलं. नवीन घाण्यात पहिला आकडा ४.४ आला, अजून व्हिनेगर टाकत टाकत ३.६ वर आणला, आता चव थोडी आंबटच झाली आहे पण सावजी रश्श्यासोबत चालून जाते. बाटल्या काचेच्या, इतवारीतून. फ्रीजमध्ये ठेवल्या. भिंतीवरचा डाग मात्र जाऊन नाही रायला.